फोन उचलला नाही म्हणून

समजा, अकोल्याची एक मुलगी अमरावतीला वसतिगृहात राहून शिकते आहे. रात्री ती जिवलग मैत्रिणीला फोन लावते. उचलला जात नाही. पाच मिनिटांत अकरा वेळा रिंग, मग 'तूही मला सोडलंस' असा मेसेज, मग शिव्या, मग रडत मागितलेली माफी. मैत्रीण फक्त गाडी चालवत होती. घरी कळतं तेव्हा आई म्हणते, "लय नाटकं हायेत तिची."

या 'नाटक' शब्दानं फार नुकसान केलं आहे. एका रात्रीवरून निदान होत नाही. पण सोडून जाण्याची भीती, आज देव वाटणारा माणूस उद्या वैरी वाटणं, आतला पोकळपणा, न आवरणारा राग, स्वतःला इजा करणं हे वर्षानुवर्षं चालू असेल, तर तो बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार असू शकतो. नऊपैकी किमान पाच लक्षणं दिसली, तरच मानसोपचारतज्ज्ञ तसं निदान करतात.

नावानं गोंधळ होतो. 'शुगर बॉर्डरलाइनला आहे' म्हणजे अजून आजार नाही, असं आपण समजतो. इथे तसं नाही. 1938 साली अ‍ॅडॉल्फ स्टर्न या अमेरिकी मनोविश्लेषकानं चिंता-भीतीचे सौम्य विकार आणि वास्तवाचं भान सुटणं, या दोहोंच्या सीमेवरच्या रुग्णांसाठी तो शब्द वापरला आणि तोच चिकटला.

कारण एकच नाही. कुटुंबांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास दिसतो. भीतीची घंटा वाजवणारा मेंदूतला अमिग्डाला अनेकांमध्ये जास्त पेटतो आणि त्याला आवर घालणारा पुढचा भाग कमी पडतो. बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष सोसलेल्यांत हा विकार अधिक आढळतो. पण प्रेमळ घरातही तो होतो, म्हणून आईबापांना आरोपी करू नये. मार्शा लिनेहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ म्हणतात की उपजत हळवं मन आणि 'एवढं काय त्यात' म्हणून भावना झटकून टाकणारा भोवताल एकत्र आले की घडी बिघडते. मे महिन्यात अकोल्याच्या डांबरावर अनवाणी चालणाऱ्याला 'पाय कशाला उचलतोस' विचारावं, तसं ते आहे.

लिनेहान यांनी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही उपचारपद्धती घडवली. 2011 मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या. या विकारावर खास असं औषध नाही. मुख्य इलाज समुपदेशनाचा आणि तो लागू पडतो. दहा वर्षं पाठपुरावा केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात दहापैकी नऊ रुग्णांची लक्षणं किमान दोन वर्षं निदानाच्या पातळीखाली राहिली.

अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पानं गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांना हाताशी धरलं. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. तो आजार वेगळा. पण आपल्या मातीत लोक मदत घ्यायला पुढे येतात, हे त्या प्रकल्पानं दाखवलं. टेली-मानस या हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. त्या आईनंही तिथे फोन करायला हरकत नाही.