मासा पाळावयाचा म्हणजे पाणी पाळावयाचे

आजवर आपल्यापुढे बोलण्याचा प्रसंग आला तो किमान वेतन नाहीतर बोनस या विषयांवर. रांजणगाव-सणसवाडीची पाळी संपवून येथे येऊन बसणाऱ्या मंडळींना आज आम्ही काचेच्या टाकीतल्या माशांविषयी सांगणार, हे थोडे चमत्कारिक दिसेल. पण या विषयाकडे आम्ही वळलो ते आमच्याच हातून घडलेल्या एका अपराधामुळे.

नातवासाठी दोन फूट लांबीची टाकी आणली आणि तीत सहा गोल्डफिश सोडले. सहा म्हणजे गर्दीच. साठेक लिटरच्या टाकीत दोन पुरेत, हे मागाहून कळले. तरी दोन महिने ते नीट होते. मग एका रविवारी टाकी मळकट दिसली म्हणून आम्ही सारे पाणी ओतून दिले, तळाचे खडे साबणाने धुतले, गाळणीचा स्पंज फेकून नवा बसविला, आणि नळाचे ताजे पाणी भरले. मंगळवारी चार मासे उलटे तरंगत होते. नातवाने विचारले, "आजोबा, आपण तर स्वच्छ केलं होतं ना?" आमची शाळा सातवीपर्यंतची. मिळतील ती पुस्तके आणून वाचावयास बसलो.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्यातच घाण करतो. त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडत असतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साचतो, आणि पाणी ऊन व अल्कधर्मी असेल तर अधिकच विषारी होतो. मग टाकीतला मासा जगतो कसा? जंतूंच्या जिवावर. एका जातीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषच, नायट्रेट पुष्कळ सौम्य. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास हे जंतू मातीतून वेगळे काढले. आपल्या शेतात शेणखताचे पिकाला घेता येईल असे अन्न होते तेही अशाच जंतूंच्या कामाने, तेव्हा शेतकरी मंडळींना ते अगदीच परके नव्हेत. टाकीत ते पाण्यात फारसे नसतात. खड्यांवर आणि गाळणीच्या स्पंजवर चिकटून असतात, आणि त्यांची पुरेशी वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे ज्यांच्या श्रमावर ती टाकी चालली होती, त्यांनाच आम्ही साबण लावून मोरीत सोडले. उभा जन्म कामगारांत काढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, ते आपण जाणालच.

तेव्हा टाकी कधीही पूर्ण धुऊ नये. आठवड्याला चौथाई पाणी काढावे, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळावा. साबण नकोच. नव्या टाकीत प्रथम एक-दोनच मासे सोडावे. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. ती माशांचे कल्लेही जाळते आणि जंतूही मारते. बादली उघडी ठेवून पाणी एक दिवस शिळे करावे. घाई असेल तर फोटोवाले वापरीत तो हायपो मिळतो. त्याचा एखादा खडा बादलीभर पाण्याला पुरतो.

आता चैत्र-वैशाखाचे दिवस. 20 अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसातच. मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागले की घरातली बाई म्हणते, भूक लागली असेल. भूक नव्हे, श्वास कोंडलेला असतो. आणि वरून टाकलेले खाणे कुजून उरलासुरला प्राणवायूही खाते. वीज गेली आणि पंप थांबला तर खाणे बंद ठेवावे व तांब्याने टाकीतलेच पाणी उंचावरून परत ओतीत राहावे. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे, एरवीही. अरुंद तोंडाची गोल हंडी दिसते गोंडस, पण तीत हवेला पाण्याशी भिडावयास जागाच नाही. विकणाऱ्यांनी हे सांगावे अशी आमची फार इच्छा आहे.

अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो एक परोपजीवी जंतू. लिटरला दोन-तीन ग्रॅम खडेमीठ, एकदम नव्हे, दोन दिवसांत विरघळवून द्यावे. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असे नाही. तो जंतू अंगावरून गळून तळाशी पिले वाढवीत असतो. म्हणून उपचार दहा-बारा दिवस चालू ठेवावा. नवा मासा दोन आठवडे निराळ्या भांड्यात ठेवला तर ही पाळी बहुधा येतच नाही.

आणखी एक. कंटाळा आला म्हणून मासे वेळ नदीत सोडून पुण्य जोडू नये. वेळ भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते. आणि उजनीत कोळ्यांच्या जाळ्यांत टाकीतला सकर मासा सापडू लागल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. त्याचे खरखरीत अंग जाळी फाडते आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा, नाहीतर दुसऱ्या कुणा हौशी माणसाला. आमचे उरलेले दोन अद्याप आहेत. टाकीची काच मागच्या बाजूने हिरवट झाली आहे, आणि नातू ती कुणाला पुसू देत नाही.