वळणाचं लाकूड

लाकूड सरळ वाढतं. मुळांकडून शेंड्याकडे पाणी नेणाऱ्या पेशींच्या लांबट नळ्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात आणि त्यांच्याच आपल्याला रेषा दिसतात. रेषेच्या दिशेनं लाकूड प्रचंड ताण सोसतं. रेषेला आडवा जोर आला की मात्र तेच लाकूड सहज तडकतं. आता एखाद्या फळीतून करवतीनं अखंड कडं कापून काढलं तर काय होईल? वर आणि खाली रेषा कड्याच्या वळणाबरोबर चालतील, पण डाव्या-उजव्या बाजूला त्या कड्याला आडव्या छेदतील. म्हणजे गाडी चालवणारा जिथे दोन्ही हातांनी घट्ट धरतो, नेमकं तिथेच कडं सगळ्यात कमजोर. मोटारीचं लाकडी स्टिअरिंग घडवणाऱ्या कारागिराची सगळी विद्या या एका अडचणीपासून सुरू होते.

बैलगाडीचं चाक करणाऱ्या सुतारानं यावर फार पूर्वी तोडगा काढला होता. चाकाचा घेर एका लाकडाचा करायचाच नाही. कमानदार तुकडे असे कापायचे की प्रत्येकाची रेष शक्य तेवढी घेराबरोबर राहील, ते एकमेकांत बसवायचे आणि वरून तापवलेली लोखंडी धाव चढवायची. धाव थंड होताना आकसते आणि सगळे सांधे आवळून टाकते. स्टिअरिंगमध्ये हीच मांडणी उलटी झाली. धातू आत गेला, लाकूड बाहेर आलं, आणि आवळून धरण्याचं काम सरसाकडे व रिव्हेटांकडे आलं.

दुसरा मार्ग वाफेचा. मिखाएल थोनेट या कारागिरानं 1859 मध्ये बाजारात आणलेली 14 नंबरची खुर्ची आजही कॅफेंमध्ये दिसते. तिची पाठ म्हणजे वाफवून वाकवलेला बीच लाकडाचा दांडा. वाफेनं मऊ झालेलं लाकूड दाबलं तर बरंच आखडतं, पण ताणलं तर एक-दोन टक्क्यांतच फाटतं. म्हणून थोनेटनं वळणाच्या बाहेरच्या अंगाला धातूची पट्टी जखडली. ती पट्टी बाहेरची बाजू ताणली जाऊ देत नाही, त्यामुळे सगळं आखडणं आतल्या बाजूला होतं आणि दांडा न फाटता वळतो.

तिसरा मार्ग पातळ पट्ट्यांचा. त्यामागचं गणित सोपं आहे. 38 सेंटीमीटर व्यासाच्या कड्याचा बाहेरचा घेर साधारण 119 सेंटीमीटर भरतो. कडं अडीच सेंटीमीटर जाड असेल तर आतला घेर 104 सेंटीमीटरांच्या आसपास येतो. एकाच दांड्याच्या दोन अंगांमध्ये 15 सेंटीमीटरांचा फरक पडला तर लाकूड तो सोसणार कसा? त्याऐवजी दीड मिलिमीटरच्या पट्ट्या घेतल्या तर प्रत्येक पट्टीच्या दोन अंगांतला फरक एका सेंटीमीटरच्या आत राहतो. सरस लावून अशा पट्ट्या साच्याभोवती एकावर एक गुंडाळायच्या, शिकंज्यात आवळायच्या आणि सुकू द्यायच्या. पूर्ण घेरभर रेष वळणाबरोबर राहते. तयार कडं कडेनं पाहिलं की पट्ट्यांचे थर बारीक ओळींसारखे दिसतात. मला हे थर झाकलेल्यापेक्षा उघडे ठेवलेले जास्त आवडतात. कडं कशाच्या बळावर उभं आहे, ते त्यात दिसतं.

मोटारीला गोल स्टिअरिंग मुळात नव्हतंच, सुकाणूसारखा दांडा असायचा. 1894 च्या पॅरिस ते रुआं या शर्यतवजा चाचणीत आल्फ्रेड वाशेरॉननं आपल्या पानार गाडीला गोल स्टिअरिंग लावलं आणि हळूहळू दांडा मागे पडला. सुरुवातीच्या गाड्यांत कडं लाकडाचं असणं ही चैन नव्हती, हाताशी असलेलं साहित्यच ते होतं. पुढे कडक रबर आणि प्लॅस्टिक आलं. ते साच्यात ओतता येई, स्वस्त पडे, पण वर्षानुवर्षं ऊन खाऊन तडकेही. लाकूड दुसऱ्यांदा आलं ते शर्यतींच्या मैदानातून, आणि त्यात एन्रिको नार्दी या इटालियन माणसाचा वाटा फार मोठा आहे.

नार्दी 1907 मध्ये बोलोन्यात जन्मला. लान्चिया कंपनीत काम करून तो एन्झो फेरारीकडे गेला. आल्फा रोमेओशी झालेल्या करारामुळे फेरारीला तेव्हा स्वतःच्या नावानं गाडी काढता येत नव्हती, म्हणून पहिल्या दोन गाड्या ‘815’ या निनावी वाटणाऱ्या आकड्यानं 1940 च्या मिल्ले मिलिया शर्यतीत उतरल्या. त्यांतल्या एका गाडीत लोतारिओ रांगोनीच्या शेजारी बसलेला माणूस नार्दी. दोन्ही गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर नार्दीनं तुरीनमध्ये स्वतःचा कारखाना काढला. तिथे छोट्या शर्यतीच्या गाड्या बनत, इतरांच्या इंजिनांची ताकद वाढवण्याचे सुटे भाग बनत, आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपासून लाकडी स्टिअरिंग बनू लागली.

तुरीनमधल्या नार्दीच्या वर्तुळाबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. 1955 च्या ल मां शर्यतीसाठी नार्दीनं ‘बिसिलुरो’ नावाची विलक्षण गाडी बांधली. दोन टॉर्पेडो शेजारी शेजारी जोडावेत तसं तिचं रूप, एकात चालक आणि दुसऱ्यात इंजिन. शर्यतीत शेजारून गेलेल्या जॅग्वारच्या हवेच्या झोतानं ही हलकी गाडी रस्त्याबाहेर फेकली गेली. आज ती मिलानच्या विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयात आहे. तिच्या रचनेत नार्दीबरोबर होता कार्लो मोलिनो, प्लायवुड वाकवून टेबलं-खुर्च्या घडवणारा तुरीनचा वास्तुकार. मोलिनोनं नार्दीच्या स्टिअरिंगला हात लावला असं मी म्हणत नाही. पण लाकूड वाकवणं आणि गाडी पळवणं या दोन गोष्टींची ओढ एकाच गावातल्या एकाच मित्रमंडळात होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. कारागिरी अशा शेजारातच वाढते.

नार्दी पद्धतीचं स्टिअरिंग जवळून पाहावं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे तीन आरे आणि त्यांना जोडलेलं पातळ कडं, हा सांगाडा. त्याच्या पुढून एक आणि मागून एक अशी लाकडाची दोन अर्धी कडी बसतात. महोगनी किंवा अक्रोड. दोन्हींच्या आतून धातूच्या जाडीइतकी खाच काढलेली असते, सरस लावून ती मिटवली जातात आणि ठरावीक अंतरावर रिव्हेट आरपार जातात. मग चौकोनी धारा उतरवून कडं गोल करायचं. मागच्या अंगाला बोटांसाठी लाटांसारख्या खळ्या कोरायच्या, म्हणजे तळहातावर घाम असला तरी बोटांना पकड सापडते. त्यानंतर जाड्यापासून बारीकपर्यंत पॉलिश पेपर, आणि वार्निशचे हात, प्रत्येक हातानंतर पुन्हा घासकाम. घासताना रिव्हेटचं डोकं आणि लाकूड एका पातळीवर यावं लागतं. धातू कडक, लाकूड मऊ. सारखाच जोर दिला तर लाकूड जास्त खचतं आणि रिव्हेट बोटाला खुपतो.

शर्यतीच्या चालकाला हे का हवं होतं? पॉवर स्टिअरिंग नव्हतं, त्यामुळे कडं मोठं लागे. ते मोठं असूनही हलकं आणि सडपातळ हवं, हाताला थंडीत गार आणि उन्हात चटका लागेल असं नको. लाकडातून उष्णता संथ वाहते. लान्चिया ऑरेलियापासून फेरारी 250 जीटीओपर्यंत अनेक गाड्यांत ही स्टिअरिंग बसली ती या कामासाठी. श्रीमंतीची खूण हे त्याचं नंतरचं आयुष्य.

आणि या आयुष्यात त्याचा खरा शत्रू म्हणजे उभी गाडी. मे महिन्यात नागपुरात भर उन्हात उभ्या केलेल्या गाडीतलं स्टिअरिंग पहाटेपेक्षा 40 अंशांनी सहज जास्त तापतं. एवढ्या फरकानं 120 सेंटीमीटर घेराचं ॲल्युमिनियम सुमारे 1.1 मिलिमीटर वाढतं. रेषेच्या दिशेनं लाकूड मात्र 0.2 मिलिमीटरच्या आसपासच वाढतं. उरलेली सगळी ओढाताण सरसाच्या एका पातळ थरानं झेलायची. त्यात पावसाळी हवेचा ओलावा लाकडाला आडवं फुगवतो आणि कोरड्या हवेत ते आकसतं. म्हणून लाकूड आधी नीट सुकवून घेणं आणि वार्निशनं सर्व बाजूंनी बंद करणं, ही दोन कामं दिसत नसली तरी निम्मी कारागिरी त्यांतच आहे. जुन्या कड्याला पडलेली भेग बहुधा अर्ध्या कड्यांच्या सांध्यावर किंवा रिव्हेटपासून निघालेली दिसते, त्याचं कारण हेच.

धातूशी लाकूड केसभरही फट न ठेवता जुळवण्याची सवय आणखी एका धंद्यात आहे, बंदुकीच्या. जपानच्या शिकोकू बेटावर कोची प्रांतात मिरोकू ही शिकारी बंदुकांची जुनी कंपनी आहे. ती ब्राउनिंग कंपनीसाठी बंदुका बनवते. बंदुकीच्या दस्त्यासाठी अक्रोडाचं लाकूड घडवणारे हे लोक त्याच कसबावर मोटारींच्या लाकडी स्टिअरिंगकडे वळले. दस्ता आणि स्टिअरिंग, दोन्हींमध्ये हात लाकडावर असतो आणि जोर धातूवर येतो.

आजच्या आलिशान गाड्यांत भरीव लाकूड क्वचितच असतं. मिलिमीटरपेक्षाही पातळ लाकडी पापुद्र्यांचे, म्हणजे व्हेनिअरचे, थर सरस लावून साच्यात दाबतात, त्यांची अर्धगोल टरफलं बनतात आणि ती धातूच्या सांगाड्यावर बसवतात. लेक्ससनं ‘शिमामोकू’ नावाचं पट्टेदार लाकडी स्टिअरिंग आणलं. गडद आणि फिकट व्हेनिअर आलटून पालटून चिकटवायचं, तो ठोकळा पुन्हा कापायचा, आणि पट्टे कापाच्या तोंडावर आणायचे. एका स्टिअरिंगला 67 टप्पे आणि 38 दिवस लागतात, असं कंपनी सांगते. त्यांतला मोठा वेळ सरस आणि रंगाला वाळू देण्यात जात असणार, असा माझा अंदाज. घाई केली तर बंदिस्त ओलावा नंतर बाहेर येऊन रंगाला फोड आणतो.

लाकूड पातळ होण्यामागे अपघातांचाही धडा आहे. मोटारी जोरात आदळल्या की चालकाची छाती स्टिअरिंगवर येते, आणि भरीव लाकूड फुटलं तर त्याच्या अणकुचीदार फाका होतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतल्या 12 क्रमांकाच्या नियमानुसार माणसाच्या धडासारखा ठोकळा ताशी सुमारे 24 किलोमीटर वेगानं स्टिअरिंगवर आदळवतात. त्या वेळी त्यावरचा जोर 11,110 न्यूटनच्या वर जाता कामा नये.   मर्सिडीजनं 1981 मध्ये एस-क्लासला एअरबॅग दिली आणि स्टिअरिंगचा मध्यभाग कायमचा भरून गेला. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत चालकापुरती तरी एअरबॅग सक्तीची आहे. हौसेनं गाडीचं मूळ स्टिअरिंग काढून बाजारातलं लाकडी बसवलं तर एअरबॅगही त्याबरोबर जाते. हे कोणीही करू नये, स्टिअरिंग कितीही देखणं असो.

माझी तक्रार दुसरीच आहे. आताच्या बहुतेक स्टिअरिंगवर लाकूड वर आणि खाली असतं, आणि हात ठेवायच्या दोन्ही बाजू चामड्यानं मढवलेल्या असतात. म्हणजे हाताच्या गरजेतून जे लाकूड आलं, ते आता हाताखालूनच काढून घेतलं आहे. लाकूड आणि चामडं जिथे भेटतात तिथे एक बारीक चर असते, चामड्याची कड तिच्यात खोचून बसवतात. शोरूममध्ये किंवा जुन्या गाडीत स्टिअरिंग पारखायचं असेल तर लाकडाच्या चमकेपेक्षा या चरीकडे लक्ष द्यावं. डोळे मिटून नख त्यावरून फिरवावं. चामडं उंच लागलं तर ते लवकर उसवतं, लाकडाची कड उंच लागली तर तिच्यावरचा रंग आधी उडतो. नख न अडकता सरकलं, तर ते काम चांगल्या हातातून गेलं आहे.