हलगी कुणाची? जनसंपर्काचा इतिहास आणि आपला मराठवाडा

भोकरच्या मंडळींनी व्याख्यानासाठी विषय विचारला तेव्हा आम्ही 'जनसंपर्काचा इतिहास' असं सांगितलं. निमंत्रण द्यायला आलेले कार्यकर्ते जरा गप्पच झाले. तत्त्वज्ञानाचा माणूस गीतेवर बोलेल, फार तर बुद्धावर बोलेल, असं त्यांना वाटलं असणार. जनसंपर्क हे माहिती कार्यालयाचं नाही तर कंपन्यांचं काम. त्यात तत्त्वज्ञान कुठून आलं? त्याचंच उत्तर आज द्यायचं आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. आमचा जन्म कधीचा, हे आमच्या आईला तारखेनं सांगता येत नसे. "पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या दुसऱ्या सालचा तू," एवढंच ती सांगायची. सभागृहात जे आमच्यासारखे पांढऱ्या केसांचे आहेत, त्यांच्या घरीही असंच असेल. दुष्काळ, पटकी, तशी पोलीस ॲक्शन. आमच्या बोलीत तो शब्द इतका मुरला होता, की तो कुणीतरी विचार करून निवडलेला असेल, अशी शंकासुद्धा आम्हाला पन्नाशीपर्यंत आली नाही. आली ती एका अमेरिकन प्राध्यापकामुळे. त्यांचा हैदराबादशी काडीचा संबंध नव्हता.

त्याचं असं झालं. विद्यापीठात पत्रकारितेचे सहकारी आम्हाला नीतिशास्त्राचे दोन-चार तास घ्यायला बोलवायचे. तिथल्या मुलांच्या हातात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असायचं, 'इफेक्टिव्ह पब्लिक रिलेशन्स'. लेखक स्कॉट कटलिप आणि ॲलन सेंटर. 1952 साली पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक पुढे अनेक आवृत्त्यांमधून जगभर गेलं, आपल्याकडेही आलं. आम्ही ते चाळलं आणि खरं सांगायचं तर कंटाळलो. कसं लिहावं, कसं बोलावं, मोजमाप कसं करावं, असा सगळा व्यवहार. पण लेखकाचं नाव लक्षात राहिलं आणि पुढे त्याच माणसाचा दुसरा एक ग्रंथ हाती आला. मग मात्र आम्ही खिळून बसलो.

हे कटलिप कोण? जन्म 1915 चा, वेस्ट व्हर्जिनियातला. 1946 पासून जवळजवळ तीस वर्षं त्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवलं. त्यानंतर जॉर्जिया विद्यापीठात ते पत्रकारितेच्या महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले. 2000 साली वारले. हयातभर त्यांनी जनसंपर्क शिकवला, म्हणजे त्या धंद्यात जाणारी मुलं घडवली. निवृत्तीनंतर, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, 1994 साली त्यांनी आठशे पानांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याचं नाव 'द अनसीन पॉवर', म्हणजे न दिसणारी सत्ता. लगेच पुढच्या वर्षी, 1995 मध्ये, सतराव्या शतकापासूनचा मागचा इतिहास लिहिला. अमेरिकेत वसाहती करताना युरोपातून माणसं यावीत म्हणून तिथल्या जमिनीची भरमसाट स्तुती करणारी पत्रकं निघत, इथपासून त्यांनी सुरुवात केली.

आम्हाला नवल वाटलं ते पुस्तकाच्या नावाचं. ज्या विद्येचं पाठ्यपुस्तक लिहून माणूस नावारूपाला आला, त्याच विद्येला तो म्हातारपणी 'न दिसणारी सत्ता' म्हणतो! म्हणजे आयुष्यभर शिकवताना त्याला काहीतरी सलत असलं पाहिजे.

त्यांनी सांगितलेली एक हकीकत बघा. आयव्ही ली नावाचे गृहस्थ अमेरिकेत या धंद्याचे एक जनक मानले जातात. 1906 साली त्यांनी वर्तमानपत्रांना एक जाहीरनामा पाठवला. आमचं काम उघड आहे, लपवाछपवी नाही, माहिती देऊ ती अचूक देऊ, असा त्याचा आशय होता. आजही पाठ्यपुस्तकांत तो आदरानं सांगितला जातो. आता पुढे चला. 1914 साली कोलोरॅडोत कोळसा खाणीतल्या मजुरांचा संप चालू होता. खाण रॉकफेलर घराण्याच्या मालकीची. मजूर बायकापोरांसह लडलो इथं तंबू ठोकून राहत होते. 20 एप्रिलला त्या वस्तीवर हल्ला झाला, तंबू पेटवले गेले. एका तंबूखालच्या खड्ड्यात जीव वाचवायला लपलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुलं गुदमरून मेली. देशभर संताप उसळला. तेव्हा रॉकफेलरनी ली यांना कामाला घेतलं.

ली यांनी पत्रकांची मालिका काढली. पत्रकं निघत खाणमालकांच्या समितीच्या नावानं. लिहिणारा कोण आणि त्याला पैसे कोण देतो, हे वाचणाऱ्याला कळत नव्हतं. त्यातल्या एका पत्रकात मजूर संघटनेच्या पुढाऱ्यांचं वर्षभराचं मानधन नऊ आठवड्यांचं म्हणून छापलं गेलं. पुढे सरकारी चौकशी आयोगासमोर हे सारं उघड झालं. मालकांनी दिलेली माहिती आपण तपासून पाहिली नव्हती, हे ली यांना मान्य करावं लागलं. अचूकतेची शपथ घेतल्याला अजून दहा वर्षंही झाली नव्हती. हेच ली 1934 साली जर्मनीतल्या आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीचे सल्लागार होते, वर्षाला 25000 डॉलर घेऊन. हिटलरच्या जर्मनीबद्दल अमेरिकेतलं मत कसं सुधारावं, असा तो सल्ला. त्याच सुमाराच्या अशा प्रकरणांमुळे 1938 साली अमेरिकेला कायदा करावा लागला. परक्या सत्तेसाठी जो प्रचार करतो त्यानं आपलं नाव सरकारदरबारी नोंदवावं, असा तो कायदा.

इथं आम्हाला दवंडी आठवली. आमच्या लहानपणी गावात हलगी वाजायची. दवंडी देणारा चौकात उभा राहून आधी सांगायचा, हुकूम कुणाचा. तहसीलदार साहेबांचा की पाटलांचा. मग पुढची गोष्ट. दवंडीत दोष होताच. ती एकतर्फी होती, ऐकणाऱ्याला उलट बोलायची सोय नव्हती. पण एक गोष्ट तिच्यात चोख होती. हलगी कुणाची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. कटलिपांनी ज्या सत्तेचा इतिहास लिहिला, तिच्यात हलगी ऐकू येते आणि वाजवणारा दिसत नाही. सगळी मेख इथं आहे.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे जनसंपर्काचा इतिहास सांगताना मुंबईचं नाव घेतात. टाटांनी 1943 मध्ये जनसंपर्काचा विभाग उघडला, 1958 मध्ये या व्यवसायाची देशपातळीवरची संघटना झाली, असं सांगतात. ते ठीकच आहे. पण हैदराबाद संस्थानात याच विद्येचा केवढा खेळ चालला होता! निजामाकडे माहिती खातं होतं, 'डेक्कन रेडिओ' होता. उलट जनतेला साधी सभा घ्यायची तर 'गश्ती निशान 53' आडवं यायचं, आधी सरकारची परवानगी काढा. आ. कृ. वाघमाऱ्यांचं 'मराठवाडा' साप्ताहिक निजामानं बंद करावं आणि त्यांनी ते नाव बदलून पुन्हा काढावं, असा पाठशिवणीचा खेळ चालायचा.

1948 चा ऑगस्ट महिना बघा. निजाम सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार पाठवली. जगासमोरचं चित्र काय, तर शांतताप्रिय छोटं राष्ट्र आणि दांडगा शेजारी. त्याच आठवड्यात हैदराबाद शहरात 'इमरोज' या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा रझाकारांनी खून केला. गोळ्या घातल्या, हात तोडला. त्यांचा गुन्हा एवढाच, की संस्थानानं भारतात यावं असं त्यांनी लिहिलं. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा आपल्या लातुरातला वकील. एका हातानं जगाला पत्र लिहायचं आणि दुसऱ्या हातानं, जो खरं लिहितो त्याचा हात तोडायचा. लबाडीच्या प्रचाराची याहून स्पष्ट व्याख्या आम्हाला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडली नाही.

शेजारच्या उमरीचं उदाहरण तर तुम्हाला तोंडपाठ आहे. 30 जानेवारी 1948 ला स्वातंत्र्यसैनिकांनी तिथली स्टेट बँक लुटली. सरकारच्या लेखी तो दरोडा, लोकांच्या लेखी लढ्याचा निधी. घटना एक, शब्द दोन. आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. उमरीच्या बातमीकडे बघायला मग देशाला उसंत कुठली!

आता त्या पहिल्या शब्दाकडे वळू. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं. मेजर जनरल चौधरींच्या हाताखाली रणगाडे होते, आकाशात विमानं होती. सैन्याच्या कागदात मोहिमेचं नाव 'ऑपरेशन पोलो'. 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली. मग यात पोलीस कुठं आले? शब्दाचा उपयोग असा, की युद्ध म्हटलं तर दोन राष्ट्रं आली, संयुक्त राष्ट्रं आली. पोलीस कारवाई म्हटलं की घरातला बंदोबस्त. गंमत म्हणजे वर्षभरापूर्वी, 1947 च्या जुलैत, डच सरकारनं इंडोनेशियात फौजा घातल्या आणि त्यांनीही तिला 'पोलीस कारवाई'च म्हटलं होतं. तेव्हा त्याविरुद्ध सुरक्षा परिषदेत जाणाऱ्यांत आपला भारतच पुढे होता! पुढे 1950 मध्ये कोरियाच्या युद्धाला पोलीस कारवाई म्हणावं का, असं पत्रकारानं विचारलं, तेव्हा ट्रुमननीही होकार दिला. शब्द असे देशोदेशी फिरतात, वापरणारे बदलतात.

गैरसमज नको. संस्थान भारतात आलं हे न्याय्यच झालं. आमच्या वडीलधाऱ्यांनी त्यासाठी तुरुंग भोगले. पण शब्दाच्या आड काय राहून गेलं, ते विचारायला हवं. त्या कारवाईनंतर संस्थानात मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं त्याची पाहणी करायला सरकारनंच पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवलं. कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर किमान 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ लागलेले जिल्हे त्यांनी चार सांगितले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपलं नांदेड. हा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. त्यामुळे रझाकारांचे अत्याचार आम्हाला गोष्टीगोष्टीतून कळले आणि हे कळलं नाही. आणखी एक गोष्ट कळायची राहिली. त्याच अहवालात हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याच्या, हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या पाठीशी उभे राहिल्याच्या नोंदी आहेत. दडवादडवीत पाप झाकलं जातं तसं पुण्यही झाकलं जातं, हे आपण ध्यानात घेत नाही.

तत्त्वज्ञान येतं ते इथं. इमान्युएल कांटनं 1795 साली शाश्वत शांततेवरच्या निबंधात एक कसोटी सांगितली. इतरांच्या हक्कांशी संबंध असलेलं जे कृत्य त्याचा हेतू उघड केल्यावर टिकू शकत नाही, ते अन्याय्य समजावं. किती साधी गोष्ट! ली यांची पत्रकं घ्या. 'हे लिहायला रॉकफेलरनी मला पैसे दिले आहेत' असं वर छापलं असतं, तर त्यांचा परिणाम तसाच राहिला असता का? नसता, म्हणूनच ते छापलं नाही. आणि अहवाल कपाटात गेला तोही कसोटीला घाबरूनच. कटलिपांनी उतारवयात काय केलं, तर पत्रव्यवहार, जुनी दप्तरं, साक्षी धुंडाळून लपलेले वाजवणारे उजेडात आणले. धंदा शिकवणाऱ्यानंच धंद्याचा हिशेब मांडला. शिक्षकाच्या आयुष्याचं याहून मोठं सार्थक ते काय?

व्याख्यान संपल्यावर एका मुलीनं प्रश्न विचारला, तो इथं नोंदवतो. ती म्हणाली, "सर, आम्ही पत्रकारिता शिकतोय. नोकऱ्या मिळणार त्या जनसंपर्कातच. मग आम्ही काय करावं?"

प्रश्न खरा होता, भाकरीचा होता. आम्ही म्हणालो, बाई, नोकरी अवश्य कर. लस घ्या म्हणून सांगायला, पीक विम्याची मुदत कळवायला, पुराचा इशारा द्यायला कुणीतरी लागतंच. चांगला जनसंपर्क नसला तर गरिबाचंच नुकसान आधी होतं. फक्त कागदावर सही करण्याआधी तीन गोष्टी बघ. हे कुणाच्या वतीनं आहे ते वर लिहिलं आहे का? आकडा तू स्वतः तपासला आहेस का? आणि ऐकणाऱ्याला उलट विचारायची वाट ठेवली आहे का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर खुशाल हलगी वाजव. एकाचं जरी नाही आलं, तर साहेबांना विचार. साहेब चिडले, तर समज की प्रश्न बरोबर होता.

ती हसली, पण तिनं ते वहीत उतरवून घेतलं.

आणि तुम्ही सगळ्यांनी एवढं करा. घरात अजून कुणी ऐंशी-नव्वदीचं माणूस असेल, तर त्यांच्याजवळ बसून पोलीस ॲक्शनच्या साली आपल्या गावात काय काय झालं ते विचारा आणि लिहून काढा. दोन्ही बाजूंचं लिहा. आमच्या आईला आम्ही कधी विचारलं नाही. आता विचारायचं म्हटलं तरी ती नाही.