तक्रारीची तारीख

"तक्रार करून काय होते जी?" नागपूरच्या कुठल्याही लेआउटमध्ये तुंबलेल्या गडर लाइनचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येते. ते अनुभवातून आलेले असते, म्हणून त्याला हसू नये. पण तक्रारी ज्या कारणांनी वाया जातात, त्यातली बरीच कारणे ती नोंदवण्याआधीच घडून गेलेली असतात.

पहिले कारण म्हणजे शहरातले सगळे मनपाचेच, ही समजूत. मनपाची धरमपेठ, धंतोली, गांधीबाग, आशीनगर, मंगळवारी अशी दहा झोन कार्यालये आहेत आणि कचरा, नाली, गडर, पथदिवे ही कामे बहुतेक तिथलीच. रस्त्यावरचा दिवा बंद पडला की लोक महावितरणला फोन लावतात. तो दिवा मनपाच्या विद्युत विभागाचा असतो. घरातली वीज गेली, तर महावितरण. नळाच्या पाण्याचे रोजचे काम 2012 पासून ऑरेंज सिटी वॉटरकडे आहे. त्यात 1936 च्या कायद्याने जन्मलेला नागपूर सुधार प्रन्यास आहेच. गुंठेवारीतले, '572' आणि '1900' या आकड्यांनीच ओळखले जाणारे लेआउट कोणी सांभाळायचे, हा प्रश्न प्रन्यास आणि मनपा यांच्यात वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. वर्धा रोडवर तर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो, आणि त्यांच्या मागे महामार्ग प्राधिकरण व महामेट्रो अशी नावे.

ही विभागणी कागदावरची किरकोळ बाब नाही, हे 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे कळले. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, 1870 चा अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी भागातल्या घरांत पाणी शिरले. रहिवासी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. सांडव्यासमोरच्या विवेकानंद पुतळ्याला परवानगी कोणी दिली, धरणाच्या सुरक्षिततेला जबाबदार कोण, नाग नदीच्या पात्रालगतची बांधकामे कोणाची, हे प्रश्न तिथे निघाले. एका ओढ्याएवढ्या नदीभोवती इतक्या यंत्रणा असतील, याची त्या वस्तीतल्या कितीजणांना कल्पना असेल?

रस्ता कोणाचा हे कळत नसेल, तर एक सोपी वाट आहे, आणि ती फारसे कोणी वापरत नाही. माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून एवढेच विचारायचे: अमुक चौक ते अमुक चौक हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, आणि त्याच्या देखभालीचे कंत्राट कोणाकडे आहे? अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तरी त्या कार्यालयाने तो पाच दिवसांच्या आत योग्य ठिकाणी पाठवावा, असे कायद्याचे कलम 6(3) सांगते. साध्या तक्रारीला हे कवच नाही.

आता आवाज. लग्नसराईत आणि मिरवणुकांच्या दिवसांत ज्याच्या घराच्या काचा थरथरतात, तोही गप्प बसतो. कारण "आपले नाव फुटेल". ध्वनिक्षेपकाविरुद्धची तक्रार पोलिसांकडे करायची असते, झोन कार्यालयात नाही. 112 वरही करता येते. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंतच, सूट देऊ शकते. पण "दहापर्यंत हवा तितका आवाज चालतो" हाही गैरसमजच. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, रात्रीची 45. नावाचे म्हणाल, तर मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केले आहे की पोलिसांनी तक्रारदाराची ओळख मागू नये, आणि कळली तरी ती समोरच्याला सांगू नये. ठाण्यात प्रत्यक्ष काय घडते हा वेगळा विषय, पण हे आदेश माहीत असलेला माणूस फोनवर वेगळ्या सुरात बोलतो.

मोकाट कुत्र्यांच्या तक्रारीत अपेक्षाच चुकते. "गाडी येईल आणि घेऊन जाईल" असे आपण धरून चालतो. 2023 च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे पकडले त्याच भागात सोडावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्र्यांचा अपवाद केला, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांसारख्या आवारांतून पकडलेली कुत्री तिथे परत सोडू नयेत असे सांगितले. म्हणून "कुत्री फार झाली" एवढ्यावर थांबू नका. कुठला कुत्रा, कोणाला चावला, कानाला नसबंदीची खूण आहे का, शाळा किती जवळ, हे लिहा.

खाली प्लॉटवरचे डबके खासगी जागेत आहे, म्हणून मनपाला काही करता येत नाही, हेही खरे नाही. मालकाला नोटीस देता येते. उलट, स्वतःच्या अंगणातले झाड आपलेच, असे म्हणून ते तोडता येत नाही. 1975 च्या वृक्ष कायद्याने परवानगी लागते. आणि घराच्या कामाची रेती-गिट्टी रस्त्यावर टाकली, तर 2017 पासून फिरणारे मनपाचे उपद्रव शोध पथक, ज्यात माजी सैनिक आहेत, तुमच्याही दारी येते. उपद्रव नेहमी शेजाऱ्याचाच असतो असे नाही.

"नगरसेवकाच्या फोनशिवाय पान हलत नाही" हे वाक्यही ओळखीचे. मार्च 2022 मध्ये मनपाची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. जवळपास चार वर्षे शहरात नगरसेवकच नव्हते. त्या काळात तुंबलेली चेंबरे ज्यांनी साफ करून घेतली, त्यांनी झोनच्या सहायक आयुक्तांना लिहून, मनपाच्या ॲपवर नोंदवूनच घेतली. नगरसेवकाला सांगू नये असे माझे म्हणणे नाही. पण तोंडी सांगण्याला क्रमांक मिळत नाही.

हा क्रमांक आणि त्याच्यापुढची तारीख किती कामाची, ते 13 ऑक्टोबर 2025 च्या निकालात दिसते. खड्ड्याने किंवा उघड्या चेंबरने जीव गेला, तर कुटुंबाला सहा लाख रुपये, आणि जखमींना दुखापतीनुसार पन्नास हजार ते अडीच लाख द्यावेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले. कळवल्यापासून 48 तासांत खड्डा दुरुस्त व्हावा, आणि भरपाईची रक्कम पुढे दोषी अधिकाऱ्यांकडून किंवा कंत्राटदाराकडून वसूल व्हावी, असेही त्यात आहे. 48 तास मोजायला सुरुवात कधीपासून? कोणीतरी कळवल्यापासून. ॲपवर तक्रार 'निकाली' दाखवली, तरी जागेचा नवा फोटो, जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक आणि जुन्या तक्रारीचा क्रमांक जोडून ती पुन्हा टाकावी. मग राज्याचे 'आपले सरकार' पोर्टल आहे. अपघात झालाच, तर भरपाईचा दावा महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीपुढे जातो, आणि खड्डा आधी माहीत होता की नव्हता, हे तिथे कागदावरून पाहिले जाते.