हिऱ्याआधी कडं बघा

सोयाबीन घरात आलं, तुळशीचं लग्न लागलं, की आमच्या वाशीम जिल्ह्यात साक्षगंधांची घाई सुरू होते. पूर्वी कुंकू, साडी, नारळ एवढ्यावर भागायचं. आता अंगठी हवी, आणि तीही हिऱ्याची. (‘हिरा कायमचा’ अशा अर्थाची जाहिरात डी बिअर्स कंपनीने १९४०च्या दशकात अमेरिकेत काढली. ती हौस आपल्या रिसोड-मानोऱ्यापर्यंत पोचायला दोन पिढ्या लागल्या!)

परवा माझ्या पुतणीचं जमलं. पोरगी नर्स आहे. ‘अंगठी मुलीच्याच पसंतीची घ्या,’ असा तिच्या सासरहून निरोप आला. मग ती, मी आणि माझ्या सासूबाई सराफाकडे गेलो. पुतणीची नजर गेली ती एका अगदी बारीक कड्यावर. सगळ्या घेराला इवले इवले हिरे जडवलेले. सुरेख दिसत होतं, खोटं कशाला बोलू?

सासूबाई म्हणाल्या, ‘‘मायबाई, हे तं तारेवानी हाये! भाकर थापतानी वाकनार नाई का?’’

दुकानातली मुलगी हसली. मला मात्र माझी अंगठी आठवली. थोरल्याच्या वेळी सातव्या महिन्यात बोटं सुजली आणि साक्षगंधाची अंगठी रुतून बसली. साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला. शेवटी सोनाराने कडं कापलं. बाळंतपणानंतर सोन्याचा तुकडा घालून पुन्हा जोडून दिलं. जोड कुठे आहे, आज मलाही सापडत नाही. कडं साधं होतं म्हणून हे जमलं. घेरभर हिरे असले की अंगठी सैल-घट्ट करणं जवळपास अशक्यच, आणि कापायची वेळ आली तर हिरे निखळतात. मैत्रिणींनो, कड्यावर हिरे हवेच असतील तर वरच्या अर्ध्या भागात घ्या, तळहाताकडची बाजू कोरी ठेवा.

जाडीचंही तसंच. रोज भांडी, कणीक, धुणं करणाऱ्या हाताला दोन मिलिमीटरच्या आसपास रुंदी बरी. फार बारीक कडं वाकतं आणि वाकलं की हिऱ्याची पकड ढिली होते. कड्याची आतली बाजू गोलसर असली तर बोटाला काचत नाही. रुंद पट्टी त्याच मापाची असली तरी घट्ट वाटते, म्हणून तीच घालून माप बघा. तेही संध्याकाळी, सकाळी गारठ्याने बोटं आखडलेली असतात.

पांढऱ्या सोन्याचा मोह होतो, पण त्यावर रोडियमचा मुलामा असतो. तो झिजला की पुन्हा चढवावा लागतो. बिल मात्र नीट वाचा. हिऱ्याचं वजन वगळून सोनं किती, ते वेगळं लिहून घ्या. हिऱ्याच्या अंगठ्या बहुधा १८ कॅरेटच्या, म्हणजे ७५० छापाच्या असतात. २२ कॅरेटचं सोनं मऊ पडतं. हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो, तो मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तपासता येतो. मोडताना हिऱ्याचे किती देणार, हेही तिथेच विचारा. लाजायचं काय त्यात?

पुतणी हिरमुसली. ‘‘काकू, साध्या कड्यात हिरा लहान दिसेल गं. फोटो निघणार आहेत.’’

तिचंही खरंच होतं. साक्षगंध काय रोज होतं? मग सराफाने आतल्या कपाटातून एक अंगठी काढली. कडं साधंच, पण हिऱ्याजवळ येताना किंचित निमुळतं होत गेलेलं. त्यामुळे हिरा उठून दिसत होता. हिऱ्याभोवती सोन्याची बंद कड, बाहेर आलेली टोकं नाहीत, बसकण ठेंगणी.

पुतणीने ती बोटात घातली. मग पर्समधून दवाखान्यातला रबरी हातमोजा काढला आणि भर दुकानात अंगठीवरून चढवला. मोजा कुठेही अडकला नाही. तिने मूठ वळून बघितली, उघडून बघितली.

‘‘हीच द्या,’’ म्हणाली.