मारहाण करणाऱ्या पतीचे समुपदेशन आणि रुग्णालयाची जबाबदारी

आमच्या हितचिंतकांकडून एक प्रश्न अधूनमधून विचारला जातो. घरात मार खाऊन आलेल्या स्त्रीवर ट्रस्टच्या निधीतून उपचार व्हावेत, हे सर्वांनाच मान्य असते. परंतु ज्याने मारले त्या पुरुषाच्या समुपदेशनासाठीही तोच निधी का वापरावा? प्रश्न रास्त आहे. देणगीदारांना तो विचारण्याचा अधिकारही आहे. म्हणून यंदाच्या अहवालात त्याचे सविस्तर उत्तर देणे आम्हास उचित वाटते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, असा पुरुष बोलावल्यामुळे रुग्णालयात येत नाही; तो आधीपासूनच येथे असतो. दारूने यकृत बिघडले म्हणून तो वॉर्डात दाखल असतो, व्यसनमुक्तीसाठी मानसोपचार विभागात येतो आणि पुष्कळदा जखमी पत्नीला घेऊन अपघात विभागात तोच आलेला असतो. केसपेपर तो काढतो, अनामत रक्कम तो भरतो आणि डॉक्टरांनी ‘काय झाले?’ असे तिला विचारताच ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ हे उत्तरही तोच देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली आहे. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या मात्र केवळ १४ टक्के. उरलेल्यांपैकी अनेकींच्या बाबतीत डॉक्टरांची ती पाच मिनिटे हीच काय ती संधी असते. म्हणून स्त्री-रुग्णाला पडद्याआड एकटीने तपासणे हा आमच्या अपघात विभागाचा नियम आहे, आणि सोबत आलेला नातेवाईक कितीही सभ्य दिसला तरी त्याला अपवाद नाही.

आता त्या पुरुषाच्या मनाविषयी. ‘रागावर ताबा राहत नाही हो’ असे बहुतेकजण सांगतात. परंतु हाच मनुष्य कामावर साहेबांनी चारचौघांत अपमान केला तरी हात उचलत नाही. घरी मारतानाही तो अनेकदा पदराखाली झाकले जाईल असेच ठिकाण शोधतो. ज्याला जागा आणि वेळ निवडता येते, त्याचा ताबा सुटलेला नसतो. मुळाशी असते ती आपल्याला हा हक्क आहे ही समजूत. समुपदेशनाचे काम त्या समजुतीशी आहे, आणि ते संथ आहे. कारण आधी तो ‘मारलेच नाही’ म्हणतो, मग ‘एकच चापट मारली’ म्हणतो आणि शेवटी ‘तिनेच मला भाग पाडले’ यावर येऊन थांबतो. दारूचेही तसेच. व्यसनामुळे हिंसा वाढते यात शंका नाही, पण उपरोक्त पाहणीतच मुळीच दारू न पिणाऱ्या पतींच्या घरीही पाचांतील एकीहून अधिक स्त्रियांनी मार सोसल्याचे आढळते. दारू सुटली म्हणजे सारे सुटले, असे आम्ही कुटुंबीयांना कधीही सांगत नाही.

सर्वांत फसवा असतो तो पश्चात्ताप. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये हिंसेचे चक्र मांडले : ताण साचणे, स्फोट, आणि मग क्षमायाचना. रुग्णालयात आम्हाला नेमका तिसरा टप्पा दिसतो. पती खाटेशेजारी बसून सफरचंद कापून देत असतो, सिस्टरना हात जोडत असतो. ‘तुम्हीच समजवा तिला’ असे म्हणणारा हा मनुष्य कर्मचाऱ्यांना बिचारा वाटतो आणि गप्प पडून राहिलेली स्त्री हट्टी वाटते. येथे व्यवस्थापनाचा कस लागतो. आमच्या समाजसेवा विभागाची व्यवस्था म्हणूनच काहीशी कडक आहे. पती आणि पत्नी यांचे समुपदेशक वेगळे, येण्याचे दिवस वेगळे, नोंदी वेगळ्या कपाटात. हिंसा चालू असेतो दोघांना समोरासमोर बसविले जात नाही, कारण तेथे ती जे बोलेल त्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. तो नियमित आला, एवढ्यावर त्याला सुधारल्याचा दाखला मिळत नाही. काय बदलले हे तिच्या संमतीने तिलाच, स्वतंत्रपणे विचारले जाते.

कायद्याचेही हेच सांगणे आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ अन्वये न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. परंतु २००६ च्या नियमांनुसार त्या समुपदेशनात हिंसेचे समर्थन करण्यास वाव नाही. त्याच नियमांनुसार आधी तक्रार नोंदविलेली नाही म्हणून रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत, आणि वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत पीडितेस विनामूल्य द्यावी लागते. पुरुषाच्या समुपदेशनातील गोपनीयताही अमर्याद नाही. दुसऱ्या व्यक्तीला इजेपासून वाचविण्यासाठी आवश्यक तेवढी माहिती उघड करण्याची मुभा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ देतो, आणि हे आम्ही त्याला पहिल्याच भेटीत सांगतो.

या उपचाराचा गुण किती? येथे आम्ही देणगीदारांशी स्पष्ट बोलू इच्छितो. अशा पुरुषांच्या गटसमुपदेशनाची बहुपरिचित पद्धत अमेरिकेतील डुलुथ या शहरात १९८१ मध्ये सुरू झाली. पुढे २००४ मध्ये २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा अटकेच्या कारवाईपलीकडे या कार्यक्रमांचा परिणाम अल्पच आढळला. मात्र डुलुथमध्ये समुपदेशन हा एकच भाग होता. पोलीस, न्यायालय आणि स्त्रियांसाठीची मदत यांची साखळी त्यामागे होती. आपल्याकडे मुंबईत २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, तेही स्त्रीला केंद्रस्थानी ठेवूनच. क्रम तोच असावा, असे आमचे मत आहे. पुरुषाचे समुपदेशन आम्ही करतो ते दोन कारणांसाठी : अनेक स्त्रियांना संसार मोडायचा नसतो, मार थांबावयास हवा असतो, आणि समुपदेशकाच्या नजरेखाली असलेल्या पुरुषाकडून वाढता धोका वेळीच ध्यानात येण्याची शक्यता असते. गळा दाबल्याची एखादी जरी नोंद असली तरी ती गंभीर धोक्याची खूण मानून स्त्रीच्या सुरक्षिततेचा विचार त्याच दिवशी केला जातो.

निधीविषयी सांगावयाचे तर, समुपदेशकाच्या मानधनापेक्षा अधिक गरज वेगळ्याच ठिकाणी भासते. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखून ठेवण्याची योजना महाराष्ट्रात २००६ पासून लागू आहे. पण तिची पात्रता शिधापत्रिका किंवा तहसीलदारांच्या उत्पन्न दाखल्यावरून ठरते. पतीचा पगार बरा असलेली स्त्री कागदोपत्री निर्धन ठरत नाही. हातात मात्र रिक्षाचे भाडेही नसते, आणि शिधापत्रिका पतीच्या कपाटात असते. तिचे बिल तोच भरणार असेल, तर डिस्चार्ज केव्हा घ्यायचा आणि कोणाबरोबर जायचे, हेही तोच ठरवितो. अशा वेळी बिलाचा भार ट्रस्टने उचलला, तर निर्णय तिच्या हाती राहतो. देणगी देताना आपण ‘स्त्री-रुग्ण साहाय्य’ असा उल्लेख केल्यास ती रक्कम याच कारणासाठी वापरली जाईल.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी : समाजसेवा विभागात भेटण्यासाठी केसपेपर वा पोलीस तक्रार आवश्यक नाही. माहेरच्या व्यक्तीनेही येऊन बोलावे. रात्री-अपरात्री गरज पडल्यास महिला हेल्पलाइन १८१ हा क्रमांक उपलब्ध आहे.