दोष व्हिनेगरचा की पाण्याचा?

मैत्रिणींनो, बारावीतली लेक प्रकल्पासाठी घरातले व्हिनेगर कॉलेजात नेते आणि संध्याकाळी सांगते, "आई, हे तर पाणचट निघालं!" वाण्याशी भांडायला निघण्याआधी तिला एवढंच विचारा, की प्रयोगाला पाणी कुठलं घेतलं होतंस?

नियमाप्रमाणे व्हिनेगरमध्ये निदान ३.७५ टक्के असेटिक आम्ल हवे. कमी असले तर त्यात मुरवलेल्या मिरच्या-कांद्याला बुरशी धरायची भीती. प्रयोगात २ मिली व्हिनेगर पाण्याने पातळ करतात, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकतात आणि फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत कॉस्टिक सोड्याचे द्रावण सोडतात. ०.१ नॉर्मल द्रावण १२.५ मिली लागले, की आम्ल ३.७५ टक्के.

शुद्ध पाणी कितीही घाला, आम्ल तेवढेच राहते. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कित्येक इमारतींत बोअरिंगचे पाणीही वापरतात. पातेल्याला पांढरे पुट चढवणारे त्यातले बायकार्बोनेट क्षार थोडे आम्ल खातात, वायू उडून जातो नि आकडा खाली येतो. सोड्याचे द्रावणच त्या पाण्यात केले तर उलटे होते. ते गढुळते, त्याचा जोर उतरतो, जास्त लागते नि आकडा फुगतो.

पाणी गाळून किंवा तुरटी फिरवून हे क्षार जात नाहीत. म्हणून दोन्हीकडे डिस्टिल्ड पाणीच घ्यावे आणि प्रयोग तीनदा करावा. आकडे जुळले तर मग दोष व्हिनेगरचा. आणि हो, कॉस्टिक सोडा कातडी भाजतो, तेव्हा हा खटाटोप ओट्यावर नको, प्रयोगशाळेतच बरा!